आठबोटी

मी ‘अर्जदार’ टाइप केलं आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरांचा नुसता काला झाला. ना काना, ना वेलांटी. पुसलं, पुन्हा दाबलं. पुन्हा तेच.

“काय झालं जी?” समोरच्या बाकावरून सोजरबाईंनी विचारलं.

“काई नाई. बसा तुमी.”

“बसलीच हाओ मी. पण एकची जीप हाय अन् तीन वाजता तहसीलात तारीख हाय. गेल्या टायमाले सायबानं सांगतलं, आता लेखी आणलं नाई त तुमचं काई आयकत नाई.”

सोजरबाईंचं प्रकरण साधं होतं. शेजारच्या शेतवाल्यानं त्यांच्या वावरात जायची पांदण नांगरून टाकली होती. एक पानाचा अर्ज. शेलूबाजारात तेवीस वर्षं टायपिंग करणाऱ्या माणसाला वीस मिनिटांचं काम. आणि मी घड्याळाकडे बघत बसलो होतो.

तेवढ्यात पडद्याच्या कोपऱ्यात एक हिरवी चौकट उगवली. ‘नवीन आवृत्ती स्थापित झाली. एक धोका कायमचा काढून टाकण्यात आला आहे. तुम्ही आता सुरक्षित आहात.’

कोणी विचारलं होतं तुला? मी सकाळी दुकान उघडलं, झाडलं, कॉम्प्युटर लावला, चहा घेतला, आणि तेवढ्या वेळात या व्हायरस मारणाऱ्या दीडशहाण्यानं स्वतःच स्वतःला नवं करून घेतलं आणि माझ्या घरातलं माणूस बाहेर काढलं. वर मलाच सांगतो, सुरक्षित आहात!

हा धोका म्हणजे काय, तर आठबोटी.

अठ्ठ्याण्णव साली एका छापखान्यात कागद लावताना माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट यंत्रात गेलं. दहा बोटांचं टायपिंग शिकलेला मी आठांवर आलो. मराठीत काना किती लागतो, रफार किती लागतो, हे ज्याची बोटं गेलीत त्यालाच कळतं. पुढे इथं दुकान टाकलं तेव्हा सेवादास भेटला. मानोऱ्याकडच्या तांड्यावरचा, कॉम्प्युटर दुरुस्त करत फिरायचा. तो पंधरा दिवस माझ्या शेजारी स्टूल टाकून बसला. कोणतं बोट कुठवर पोचतं, कुठं अडखळतं, सगळं वहीत लिहायचा.

“काय पाहून राह्यला बे?” मी वैतागायचो.

“तुह्ये बोटं पाहून राह्यलो बे. चूप टाइप कर.”

मग त्यानं माझ्यापुरता कीबोर्डचा प्रोग्राम बनवला. काना डाव्या हाताला दिला, रफार अंगठ्याला. जी दोन बोटं नव्हती त्यांच्याकडे कामच ठेवलं नाही. नाव ठेवलं आठबोटी. तो सुरू झाला की आधी एक ओळ यायची: ‘राजपालभाऊ, जय भीम. बसा.’ एरवी मला ‘बे’शिवाय हाक न मारणारा माणूस तिथं मात्र ‘बसा’ म्हणायचा. मी उभ्यानंच कॉम्प्युटर लावायचो, ती ओळ आली की त्याच्या तांड्याच्या रिवाजानं मोठ्यानं ‘जय सेवालाल’ म्हणायचो आणि मगच खुर्चीत बसायचो. गिऱ्हाइकं हसायची. हसू देत.

कोरोनाच्या दुसऱ्या वर्षी सेवादास गेला. ओळ यायची थांबली नाही.

मी त्या हिरव्या चौकटीच्या आत शिरलो. ‘अद्ययावत करणे’ या पानावर तीन पर्याय होते: आपोआप करा, आधी विचारा, करू नका. मी पूर्वीपासून ‘आधी विचारा’वर खूण करून ठेवलेली. आता खूण ‘आपोआप करा’वर होती. ती हलवायला गेलो तर पासवर्ड मागितला. माझ्या दुकानात, माझ्या कॉम्प्युटरवर, मला!

पासवर्ड उत्कर्षकडे होता. उत्कर्ष माझा मुलगा, पुण्यात कॉम्प्युटरच्याच कंपनीत असतो. मागच्या दिवाळीत कुणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला आणि गिऱ्हाइकांच्या लग्नपत्रिकांची वाट लागली, तेव्हा यानंच हे नवं आणून घातलं होतं. “बाबा, आता तुम्ही काही दाबू नका,” म्हणाला होता. बरं, म्हणालो होतो मी. लेक काळजीनं करतोय, कशाला वाद घालायचा?

फोन लावला. तीनदा लावला, तिन्ही वेळा त्यानं कट केला. ‘मीटिंगमध्ये आहे’ असा मेसेज आला.

“झालं काय जी?” सोजरबाई उठून काउंटरपाशी आल्या. “बारा वाजून गेले.”

“मशीननं मले न इचारता माही वस्तू फेकून देली, बाई.”

“अन् तुमचं घरचं मशीन न ते?”

“हो न!”

“आता व माय!” त्या म्हणाल्या. “मले वाटे, हे फक्त वावरातच होते.”

मला हसू येण्याऐवजी आणखी संताप आला. मग आठवलं, ड्रॉवरमध्ये प्लास्टिकच्या पिशवीत पेनड्राइव्ह आहे. सेवादासनंच दिलेला. ‘मशीन बिघडलं त लागन,’ म्हणून आठबोटीची दुसरी प्रत त्यात टाकली होती. मी पिशवीची गाठ सोडली, पेनड्राइव्ह लावला. आठबोटीचं चित्र पडद्यावर दिसलं. जिवात जीव आला. त्यावर बाण नेला, तोवर कोपऱ्यात हिरवी चौकट.

‘आणखी एक धोका कायमचा काढून टाकण्यात आला आहे.’

चित्र गेलं. पेनड्राइव्ह रिकामा. डोळ्यांसमोर, दोन सेकंदांत.

मी ओरडलो असेन, कारण शेजारचा सायकलवाला दारात येऊन उभा राहिला. त्याच वेळी फोन वाजला.

“काय झालं बाबा? तीन मिस्ड कॉल?”

“तुह्या त्या राखणदारानं आठबोटी काढून टाकली.”

“थांबा, मी इथून जोडतो.” पडद्यावरचा बाण आपोआप हलू लागला. पुण्यात बसून माझा मुलगा माझ्या दुकानातली कपाटं उघडून बघत होता. “बाबा, तो प्रोग्राम कळांवर नजर ठेवतो ना. कोणती कळ दाबली ते वाचतो. पासवर्ड चोरणारे प्रोग्राम असेच असतात, म्हणून नव्या आवृत्तीला तो चोर वाटला.”

“अरे, माह्या बोटांवर पंधरा दिवस नजर ठिवूनच बनवलं सेवादासनं ते! चोर काहून होईन तो?”

“ते मशीनला कसं कळणार? बरं, सापडलेला धोका बाजूला ठेवतात, तिथून परत आणता येतो...” बाण एका पानावर गेला. पान रिकामं होतं.

“काय झालं?”

“मीच ‘बाजूला न ठेवता कायमचं काढा’ असं लावून ठेवलं होतं. तुमच्या हातून चुकून परत उघडायला नको म्हणून.” त्याचा आवाज खाली आला. मग एकदम म्हणाला, “पेनड्राइव्हमध्ये असेल ना! तो लावू नका हं अजिबात, मी आधी हे बंद करतो.”

“लावला.”

“लावला? बाबा! मला विचारायचं ना आधी!”

“मी तुले इचाराव? मशीन मले इचारत नाई, तू मले इचारत नाई, अन् माह्याच ड्रॉवरातली वस्तू काढाले मी तुले इचाराव? लेका, तुह्यी फी याच आठ बोटांवर भरली मी. तेव्हा सेवादास मले इचारे, काय बे, हे कळ इथं ठिवू का तिथं? एकेक कळ इचारली त्यानं. एकेक!”

पडद्यावरचा बाण एका जागी थांबून होता.

“बाबा,” उत्कर्ष म्हणाला, आणि पुण्याला गेल्यापासून सुटलेली बोली त्याच्या तोंडात आली, “मले वाटलं, तुमाले तरास नको. चुकलं माह्यं.”

मी फोन काउंटरवर ठेवला. वाईट एवढंच होतं की त्याचं खरंच चुकलं नव्हतं, आणि तरी माझं सगळं गेलं होतं.

“भाऊ,” सोजरबाई हळूच म्हणाल्या, “पेन चालते न तुमच्या हातात?”

पेन चालतं. पेनाला तीन बोटं पुरतात. मी कोरा कागद घेतला आणि बाई बोलत गेल्या तसं लिहीत गेलो. अक्षर आधी वाकडं आलं, मग बसलं. ‘सदर पांदण रस्ता गैरअर्जदाराने नांगरून बंद केला आहे,’ असं लिहून मी थांबलो.

“बाई, तुमाले इचारलं होतं का त्यानं?”

“इचारलं असतं त मी अर्ज कायले देला असता?”

‘मला न विचारता’ हे शब्द मी मध्ये घातले आणि खाली रेघ मारली. अर्जात रेघ मारायची नसते. मारली. त्यांची सही घेतली आणि त्या पदर खोचून जीपकडे धावल्या. पैसे घेतले नाहीत. टायपिंगचं दुकान, आणि टाइप कुठं केलं होतं?

संध्याकाळपर्यंत उत्कर्षनं पुण्याहून जे जे करता येईल ते केलं. पासवर्ड काढून टाकला, खूण पुन्हा ‘आधी विचारा’वर आणली. पुसलेलं परत आणायचे दोन-तीन उपाय करून पाहिले, एकही चालला नाही. रविवारी येतो म्हणाला, नवा कीबोर्ड बसवून देतो म्हणाला. “तुम्ही म्हणाल तसा, बाबा. एकेक कळ विचारून.” ये म्हणालो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं, झाडलं. उभ्यानंच कॉम्प्युटर लावला आणि तोंडातून सवयीनं निघून गेलं, “जय सेवालाल.”

पडद्यावर हिरवी चौकट आली. ‘नवीन आवृत्ती उपलब्ध आहे. अद्ययावत करायचे का?’ खाली दोन बटणं होती, होय आणि नाही. आता विचारत होता लेकाचा.

मी ‘नाही’ दाबलं. चौकट गेली. पडदा रिकामा झाला आणि रिकामाच राहिला. दहाच्या सुमाराला पहिलं गिऱ्हाईक आलं आणि म्हणालं, “काहून उभे हा भाऊ? बसा न.”

तेव्हा मी बसलो.