मधली झडप

मी हॉर्न बोलतोय. रस्त्यावर लोकांचे कान किटवतो तो नव्हे. मी बँडमधला, पितळेचा, वेटोळं घालून बसलेला. बोलतोय खरा, पण वाजता येत नाही म्हणून बोलतोय.

माझ्या पोटात तीन गोल झडपा आहेत. किल्ली दाबली की झडप पाव फेरा फिरते, हवेची वाट बदलते आणि सूर बदलतो. झडप आणि तिचं घर यांत केस शिरेल एवढीही फट नाही. तिथे पातळ तेलाचा थेंब हवा, दुसरा कसलाही कण गेला की कारभार आटोपला. माझे मालक हे पथ्य जिवापाड पाळत. वाजवून झालं की माझ्यात साचलेलं श्वासाचं पाणी झटकत, झडपांची झाकणं काढून तेल घालत. त्यांची बायको, आमच्या काकू, म्हणत, माझ्या गुडघ्यांची कधी एवढी चौकशी केलीत का? मालक हसून तेलाची बाटलीच पुढे करत.

मग त्यांच्या छातीचं दुखणं निघालं, हॉस्पिटल झालं. घरी सोडायचं ठरलं तेव्हा डॉक्टरांनी काकूंना बाजूला घेऊन सांगितलं, आता आमच्या हातात काही नाही, त्यांना हवं ते करू द्या. त्यांना मला एकदा वाजवायचं होतं, बस्स.

ते यायच्या आदल्या दिवशी काकूंनी मला चकचकीत करायला घेतलं. मालकांचं बघून झाकणं कशी उघडायची ते त्यांना ठाऊक होतंच. तांब्या-पितळेची भांडी घासायच्या पुडीनं त्यांनी मला आतबाहेर घासलं. मी काय ओरडणार? फुंकणारा नाही तर मला तोंडच नाही.

घरी आल्यावर मालकांनी मला मांडीवर घेतलं. मधली किल्ली दाबली, ती तिथेच रुतली. झाकण काढलं तर बोटाला पांढरी कचकच लागली. लाकडी हातोडीनं हलकेच ठोकून त्यांनी झडप काढली, पुसली, तेल घालून बसवली. पण ओरखडे पडायचे ते पडून गेले होते. ती पुन्हा अडकली. त्यांना धाप लागली.

दारातून काकूंनी विचारलं, "माझं काही चुकलं का हो?"

मालकांनी बोट चादरीला पुसलं. "छे गं. पडून पडून तेल सुकलं असेल. झळकतोय बघ कसा!"

त्याच आठवड्यात ते गेले.

काकू अजून मला त्याच पुडीनं घासतात. ह्यांना झळकलेला आवडायचा, म्हणतात. आता तिन्ही झडपा रुतल्यात; मी पुन्हा वाजणार नाही. तुमच्यापैकी कुणी जाणकार या घरी आलात, तर हात जोडतो, किल्ली दाबून बघू नका. छान झळकतोय म्हणा, आणि चहा घेऊन निघा.