वेल नव्हे, नाव

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा टोप आहे आणि मला गोड बोलता येत नाही. बगदादच्या तांबटआळीत मला ठोकून घडवलं. तुफाहाच्या आईनं मला लेकीच्या लग्नात दिलं आणि काठाखाली लेकीचं नाव घालून घेतलं, ज्यूंच्या लिपीत. त्या अक्षरांना बाक असतो, शेपट्या असतात.

दर शुक्रवारी दुपारी तुफाहा माझ्यात कोंबडी आणि तांदूळ भरायची, झाकणावर अंडी रचायची आणि मला निखाऱ्यांवर ठेवायची. त्यांच्यात शनिवारी चूल पेटवायची नसते, म्हणून मी दुसऱ्या दुपारपर्यंत तसाच रटरटत असायचो. झाकण काढलं की तिचा नवरा, मनाशी त्याचं नाव, आधी तळाची खरपुडी मागायचा. दर वसंतात त्यांच्या सणाआधी शेजारचे हाजी मुहसिन मला कल्हई करून द्यायचे. मी सुखात होतो.

एकोणीसशे एकेचाळीस सालच्या जूनमध्ये त्यांचा दुसरा एक सण आला. आदल्या दिवशी दारावर कुणीतरी लाल रंगानं हाताचा पंजा काढून ठेवला होता. तुफाहा फडकं घेऊन धावली.

"अगं, पुसतेस कशाला?" तिचा नवरा हसला. "पंजा आहे. दृष्ट लागू नये म्हणून काढला असेल कुणी भल्या माणसानं."

पंजा म्हणजे शुभच, हे त्या घरात तान्ह्या पोरालाही ठाऊक होतं. त्यांनी तो तसाच राहू दिला. ती चूक आठवली की आजही माझा जळफळाट होतो.

त्या सणाला त्यांच्यात मांस नाही, दुधातुपाचं खातात, म्हणून मी रिकामा पालथा पडलो होतो. इंग्रजांशी चाललेली लढाई संपली होती, आता भीती नाही, असं सगळे म्हणत होते. मनाशी नवा कोट घालून भावाला भेटायला निघाला तो परत आलाच नाही. दुसऱ्या सकाळी जमाव ज्यूंच्या दारांवरचे पंजे बघत बघत आमच्या दाराशी आला. हाजींनी तुफाहाला आणि तिच्या लेकीला गच्चीवरून ओढून आपल्या घरात लपवलं. मला कोण लपवणार? समोरच्या घरातली उम्म जब्बार आत आली आणि मला डोक्यावर घेऊन चालती झाली. बगदाद त्या दोन दिवसांना फरहूद, म्हणजे लुटालूट, म्हणतं. मनाशीला मारल्या गेलेल्या इतरांबरोबर एकाच मोठ्या खड्ड्यात पुरलं.

त्या मेल्या उम्म जब्बारनं मला वर्षभर राबवलं. आल्यागेल्याला ती माझा काठ दाखवायची. "बघा, कशी नाजूक वेल कोरलीय!"

पुढच्या वसंतात ती मला घेऊन ऐटीत हाजींकडे गेली. आपलं बिंग तिथं फुटेल हे तिच्या गावीही नव्हतं. हाजींनी काठावरून अंगठा फिरवला.

"उम्म जब्बार, ही वेल नाही. हे नाव आहे."

"कुणाचं?"

हाजींनी भिंतीपलीकडे हाक मारून तुफाहाला बोलावलं. ती काळ्या कपड्यांत आली, मला पाहिलं आणि खालीच बसली.

"रस्त्यात पडला होता," उम्म जब्बार तडकली. "मी नसता उचलला तर दुसऱ्या कुणी नेला असता. घे तुझा टोप, आणि तोंड बंद कर!"

"टोपाचं राहू दे. दारावर तो पंजा कुणी काढला?"

"मला काय विचारतेस? मी हात लावला नाही रंगाला!"

"मग कुणी?"

"रंग घेऊन आलेल्यांनी विचारलं, ज्यूंचं घर कुठलं. मी फक्त बोट दाखवलं."

हाजींनी भाता खाली ठेवला. मला वाटलं, आता तुफाहा मला उचलेल. मी आतुर झालो होतो.

"नको मला," ती म्हणाली. "तुझ्याकडेच राहू दे. रोज घासशील तेव्हा माझं नाव तुझ्या हाताखाली येईल."

"हाजी, खरवडून टाका ते!" उम्म जब्बार ओरडली.

"खरवडणार नाही आणि कल्हईही करणार नाही," हाजी म्हणाले. गल्लीतल्या दुसऱ्या कल्हईवाल्यांनीही मला हात लावला नाही.

मग कल्हई उडाली आणि माझ्यात जे शिजेल ते कळकून कडू होऊ लागलं. मला त्याचा आनंद झाला. शेवटी तिनं मला भिंतीवर टांगलं. नऊ-दहा वर्षांनी तुफाहा एक पेटी आणि लेक घेऊन देश सोडून गेली. जाताना ती या दारावरून गेली, पण तिनं आत पाहिलं नाही. तिच्या लोकांची घरं एकेक करून रिकामी झाली.

मी अजून त्याच भिंतीवर आहे. उम्म जब्बारची नातवंडं पाहुण्यांना मला दाखवतात आणि म्हणतात, "आमच्या आजीचा टोप. वेल बघा."

मित्रांनो, मला घासा, चकचकीत करा असं मी सांगणार नाही. मला खाली उतरवा. ती लिपी वाचता येणारं कुणीतरी शोधा. आणि त्या घरात, सगळ्यांना ऐकू जाईल असं, एकदा मोठ्यानं म्हणा: तुफाहा.