डबीवरची बाई

"काका, ही डबी आम्हाला लिलावात ठेवता येणार नाही," देविका म्हणाली.

डॉक्टर उल्हास कर्णिकांचा चेहरा उतरला. देविका त्यांच्या मित्राची मुलगी. ब्रिस्टलच्या एका लिलावघरात आलेल्या वस्तू आधी कुणाकुणाकडे होत्या, याचा शोध घेणं हे तिचं काम. म्हणून तर ते अरुणाकाकूंना घेऊन साउथहॅम्प्टनहून भरवशाने आले होते.

टेबलावर तपकिरीची फ्रेंच डबी होती. अडीचशे वर्षांपूर्वीची, सोन्याची. झाकणावर निळ्या मिनाकामाच्या चौकटीत एका बाईचं नखाएवढ्या चेहऱ्याचं चित्र.

देविकाने एक जुना फोटो पुढे सरकवला. फ्रान्समधल्या लियाँ शहरातल्या एका ज्यू कुटुंबाचा दिवाणखाना. काचेच्या कपाटात हीच डबी, चौकटीचा हाच कोपरा उडालेला. "दुसऱ्या महायुद्धात ही माणसं घर सोडून पळाली. मागे सगळं लुटलं गेलं. त्यांची नात अजून डबी शोधतेय."

"मला माझ्या पेशंटने, व्हिटकोमने दिली ती!" काकांचा आवाज चढला. "'इंडियन डॉक्टर नको' म्हणून पेशंट तोंडावर सांगायचे, त्या दिवसांत. ऑपरेशननंतर त्याने माझा हात धरून ही हातात ठेवली. तो चोर होता म्हणतेस?"

"ते मला माहीत नाही. पण नोंदींप्रमाणे तो त्या काळात सैन्यात होता, फ्रान्समध्ये."

काकांनी डबी उचलून कोटाच्या खिशात टाकली आणि ते दाराकडे निघाले.

"काका, थांबा. तुम्ही ती घेऊन गेलात तर मला हे वर कळवावंच लागेल."

"कळव. खुशाल पोलिसांना सांग."

तोवर काकू उठून दाराशी उभ्या राहिल्या होत्या. "अहो, फोटो नीट पाहिलात का?"

"बाजूला हो, अरुणा."

"कपाटाशी एक पोर उभी आहे. त्या नातीची आईच असेल. एकदा बघा, मग जाऊ."

काका तसेच उभे राहिले. खिशातली मूठ आवळलेलीच. काकू हलल्या नाहीत. शेवटी ते टेबलाशी परत आले आणि फोटोवर वाकले.

"ती नात इथे येऊ शकेल?" त्यांनी विचारलं. "द्यायची तर मी माझ्या हाताने देईन."

मार्चमध्ये ती नात आली, मादाम रोश. सत्तरीच्या, बारीक चणीच्या. डबी हातात घेऊन त्यांनी झाकणावरून अंगठा फिरवला आणि काकांना खुर्ची दाखवली. व्हिटकोमबद्दल त्यांना सगळं ऐकायचं होतं. काका सांगत गेले: ऑपरेशनच्या आधी तो किती घाबरला होता, नंतर दर नाताळला फोन करायचा, त्याच्या अंत्यविधीला आपण कसे गेलो.

"चांगला माणूस होता का तो?" मादामनी विचारलं.



"माझ्याशी चांगला वागला," ते म्हणाले. "त्यापुढचं मला सांगता येत नाही."

मादामनी मान डोलावली, आणि डबी पर्समध्ये ठेवली.