काजवालीचा चमचा

मी एक जुना स्टीलचा चमचा आहे. मित्रांनो, हसू नका. चमच्याला मेले सांगण्यासारखे काय असणार, असे तुमच्या मनात आलेच असेल. पण तुमच्या तोंडात दात नव्हते तेव्हा पहिला घास तुम्हाला आमच्यापैकीच कुणीतरी भरवला होता, एवढे ध्यानात ठेवा आणि पुढे ऐका.

पत्र्याच्या लांब पट्टीतून एका यंत्राने मला धाडकन कापले, दुसऱ्याने दाबून माझे पोट खोलगट केले आणि दांड्याच्या टोकाला भोक पाडले. मग चाकावर घासून घासून मला असे चकचकीत केले की मला गर्वच झाला. वाटले, आता आपण एखाद्या काचेच्या कपाटात मिरवणार. कसले कपाट! मी जाऊन पडलो कपडे शिवण्याच्या कारखान्यातल्या जेवणघरात. तिथे लांब बाके होती, एकच नळ होता आणि भिंतीवर एक लाकडी फळी होती. फळीवर ओळीने खिळे. प्रत्येक कामगाराचा खिळा ठरलेला. जेवण झाले की ज्याचा चमचा त्याने धुवायचा, पुसायचा आणि आपल्या खिळ्यावर अडकवायचा.

मी आलो काजवालीच्या वाट्याला. ती शर्टांना काजे करायची. तिच्या बाहीला सतत दोऱ्याचे तुकडे चिकटलेले असत आणि कधीकधी एखादा तुकडा भातातही पडे. ती तो काढून बाजूला ठेवी आणि जेवण पुढे चालू. ताटात शेवटचे शीत राहीपर्यंत ती मला सोडत नसे. मैत्रिणी चिडवत, "अगं, ताटाला भोक पाडशील!" ती म्हणे, "पाडलं तर त्याला बटण लावीन." मला ती माझीच वाटे आणि मी तिचा. हे सांगायला मला मुळीच लाज वाटत नाही.

त्या जेवणघराची एक रीत होती. कुणी काम सोडले किंवा जग सोडले, तरी त्याचा चमचा खिळ्यावरच राही. नवीन माणूस आले की स्वयंपाकाच्या मावशी तो चमचा त्याच्या हातात देत आणि आधीच्या मालकाची ओळख करून देत. "हा इस्त्रीवाल्या आजोबांचा हं. फार गरम खायचे ते. जीभ सांभाळा." सगळे हसत. मग आजोबांच्या चार गोष्टी निघत, आणि गेलेला माणूस त्या दिवशी पुन्हा पंगतीला बसे.

काजवाली आजारी पडली. आधी ती अर्धेच जेवू लागली, मग नुसतीच मला हातात धरून बसू लागली. एके दिवशी तिने मला नेहमीसारखे धुतले, पदराने पुसले आणि खिळ्यावर अडकवले. त्यानंतर ती आली नाही. चमच्याला रडता येत नाही, पण दुःख होते. फार होते.

तिच्या जागी नवीन माणूस येण्याची वेळ झाली तेव्हा मावशींनी हात आडवा केला. "हा नाही द्यायचा. तिची पोरगी शिवणकाम शिकतेय. इथंच लागणार आहे ती. तिच्यासाठी राहू दे." मी रोज तिची वाट पाहू लागलो. मावशी अधूनमधून माझ्यावरची धूळ पुसत आणि पुटपुटत, "येईल हं, येईल."

पण आधी आले प्लास्टिक.

मुकादम माणूस वाईट नव्हता. जेवणाच्या सुट्टीत त्या एका नळापाशी रांग लागते, बायांना धड बसायलाही मिळत नाही, हे पाहून त्याचा जीव तुटे. त्याने पांढऱ्या प्लास्टिकच्या चमच्यांचा मोठा खोका आणला आणि म्हणाला, "आता धुणं नको नि घासणं नको. खा आणि टाका!" सगळ्यांना हायसे वाटले. मलाही क्षणभर पटले. पुढे ते चमचे कडक भातात मोडू लागले, घासात त्यांची टोके सापडू लागली. मागच्या नाल्यात ते इतके साचले की पाणी उलटे फिरून जेवणघरात आले. मावशी वाकून हाताने एकेक चमचा उपसत होत्या आणि म्हणत होत्या, "घासणं वाचलं म्हणे! आता हे उपसा."

एवढे होऊनही खोके येतच राहिले. सवय लागली की माणसाला मोडका चमचाही चालतो. पुढे मावशी सुनेच्या बाळंतपणासाठी रजेवर गेल्या. मुकादमाला भिंतीवर पंखा लावायचा होता. त्याने फळी उतरवली आणि आम्हा सगळ्यांना एका गोणीत भरून दारामागे ठेवले. गोणीवर कुणीतरी ओला झाडू टेकवला.

आणि त्याच आठवड्यात ती आली.

दारामागून मला तिचा आवाज ऐकू आला. आईसारखाच, थोडा घोगरा. पहिलाच दिवस, बिचारी दबकत बोलत होती. "ताई, इथं चमच्यांची फळी आहे ना? आई म्हणाली होती, तुला माझाच चमचा देतील."

कुणीतरी म्हणाले, "अगं, आता हे प्लास्टिकचेच असतात." तिने तो मुकाट्याने घेतला. मी इथे आहे, हाताच्या अंतरावर आहे, असे मला ओरडून सांगायचे होते.

दुपारी शिवणयंत्रांची घरघर चालू असताना भंगाराची गाडी आली आणि गोणी घेऊन गेली.

संध्याकाळी मुकादमाला विचारून ती भंगाराच्या आवारात धावत आली. मागोमाग मुकादम, घामाने डबडबलेला. "मावशींनी सांगितलेलं माझ्या डोक्यातूनच गेलं गं," तो सारखा म्हणत होता. तोवर गोणी ढिगावर रिकामी झाली होती. कुठल्या कुठल्या खाणावळींचे चमचे आमच्यात मिसळले होते. ती गुडघ्यांवर बसली आणि एकेक चमचा उचलून पाहू लागली.

"कसा ओळखणार?" मुकादमाने विचारले.

"आई सांगायची, एका कडेनं पार झिजलाय."

मित्रांनो, जुने चमचे सगळेच एका कडेने झिजतात. उजव्या हाताने जेवणाऱ्याचा चमचा डाव्या कडेने झिजतो. काजवाली डावखुरी होती, म्हणून मी उजव्या कडेने झिजलो आहे. पोरीला त्या घाईत हे कुठून सुचणार? तिचा हात माझ्यापर्यंत आला. तिने माझ्या शेजारचा चमचा उचलला. त्याची कड अंगठ्याने चाचपली, आणि ती एकदम रडू लागली. "हाच. हाच आहे."

"सापडला ना? बरं झालं," मुकादम म्हणाला. "उद्याच फळी परत लावतो. सगळ्यांना घरून चमचा आणायला सांगतो. नळही वाढवून घेतो एखादा."

जाताना तिने पिशवीतून दुपारचा प्लास्टिकचा चमचा काढला. टाकवला नव्हता तिला. आईसारखाच धुऊन, पुसून ठेवला होता. तिने भंगारवाल्याला विचारले, "हा घेता का?"

"असले कोण घेतं ताई? याला गिऱ्हाईक नाही," म्हणत त्याने तो भिरकावला. तो माझ्याजवळ येऊन पडला.

आता आम्ही दोघे शेजारी आहोत. मला त्याचा राग येत नाही. एका जेवणापुरते त्याला हातात धरले, आणि उरलेल्या साऱ्या काळासाठी टाकून दिले. मी उद्या भट्टीत जाईन, वितळेन, पुन्हा काहीतरी होईन. तो कुजणार नाही, गंजणार नाही, नुसता पडून राहील.

म्हणून एक मागणे आहे. शाळेच्या डब्यात घरचा चमचा टाका. घरी पाहुणे यायचे असतील तर शेजाऱ्यांकडून भांडी मागून आणा, आणि धुवायला सगळे मिळून बसा. अगदीच टाकायचा चमचा हवा असेल, तर लाकडाचा घ्या, मातीत मिसळून तरी जाईल. आणि ज्याने जेवलात त्याला एकदा हाताने पुसा. बस, एवढेच.

आणि काजवालीची मुलगी तुम्हाला कुठे भेटली, आपल्या आईचा म्हणून एखादा चमचा जपून धुताना दिसली, तर मित्रांनो, तो तिच्या आईचा नाही, हे तिला सांगू नका.