वातींचा कापूस

मयुरीने दाताने लोकर तोडली आणि क्रोशाने विणलेल्या नारंगी चौकोनाच्या दोन कडा जुळवून नळी शिवायला घेतली. चौकोन म्हणायचा आपला. दर ओळीच्या शेवटी एक टाका निसटत गेल्याने एक बाजू दुसरीपेक्षा चांगली आखूड झाली होती, आणि उसवून उसवून लोकरीला केस फुटले होते. मोबाईलवरची बाई हसत हसत म्हणत होती, की हे नवशिक्यांसाठी अगदी सोपं आहे. मयुरीने मोबाईल पालथा घालून ठेवला.

आत आचल झोपली होती. लेकीचा दुपारचा डुलका हाच काय तो मयुरीचा हक्काचा वेळ; त्यात कपड्यांच्या घड्याही बसायच्या आणि चार टाकेही.

फाटकाची कडी वाजली. आत आल्यावर कडी पुन्हा नीट लावणारा माणूस तिच्या ओळखीत एकच होता.

"बाबा! फोन तं करायचा होता."

"फोन केला असता तं तू सैपाक मांडून बसली असती," तानबाजी म्हणाले आणि ओट्यावर टेकले. युरियाच्या पोत्याची, नायलॉनच्या दोऱ्याने शिवलेली थैली त्यांनी मांडीवरच ठेवली. लेकीच्या घरी ती कधी खाली टेकत नसे. तीतून सीताफळं निघाली, अंबाडीची जुडी निघाली. लेकीकडे रिकाम्या हाताने जायचं नाही आणि लेकीकडे रात्र काढायची नाही, असे त्यांचे दोन कायदे होते.

"हे काय करून राह्यली वं?"

"कोहळं."

"लोकरीचं?"

"आचलच्या शाळेत हॅलोविन हाय उद्या. घरी बनवलेलं न्यायचं हाय."

"थे काय असते?"

"तिकडचा भुतांचा सण. कोहळ्याले डोळे-तोंड काढतेत अन् दाराशी ठेवतेत. भुतं भ्यावी म्हणून."

तानबाजींनी ती लुळी नळी उचलून उजेडात धरली. "दारावर तं आपणही टांगतो, नजर लागू नाई म्हणून. फक्त डोळे नाई काढत." मग हळूच म्हणाले, "पण याले पाहून भूत भ्यायचं नाई. कीव करन."

मयुरी हसली. खूप दिवसांनी बाबांनी तिची अशी थट्टा केली होती. आई गेल्यापासून ते पवनारला एकटेच राहत होते. मागच्या महिन्यात त्यांनी ताप अंगावर काढला, दोन दिवस चूलही पेटली नाही. हे कळलं तेही शेजारच्या वासुदेवरावांकडून, तेही बोलण्याच्या ओघात. तेव्हापासून फोनवर पलीकडून जरा वेळाने 'हं' आलं, की तिच्या हातातलं काम थांबायचं.

थैलीच्या तळातून त्यांनी एक पुडकं काढलं. जुन्या धोतराच्या फडक्यात बांधलेला कापूस.

"सीतादहीचा हाय."

पहिल्या वेचणीच्या दिवशी वावरात दहीभात दाखवून हा पहिला कापूस वेचायचा आणि देवासाठी बाजूला काढायचा, हे काम आईचं होतं. कार्तिकातल्या वाती ती यातूनच वळायची.

"यंदा तू वळ. सरकी तेवढी काढून घेजो."

मयुरीने पुडकं दोन्ही हातांनी घेतलं. "मंग आज राहा ना, बाबा. दोघं मिळून काढू सरकी."

"गाडी जाईन."

"उद्या जा."

"वावर कोण पाहीन?"

"वावर काय रात्री उठून पळून जाते?"

तानबाजी हसले, पण हात थैलीच्या पट्ट्यावर गेला. "तुह्या आजानं कधी लेकीच्या घरी मुक्काम केला नाई."

"आजाले आत्याच्या घरी जायले बैलगाडी लागे. तुमच्यासाठी कोपऱ्यावर ऑटो उभा राहते."

"म्हणून तं लवकर जाता येते," ते म्हणाले.

एवढ्यात आचल डोळे चोळत बाहेर आली आणि सरळ त्यांच्या पाठीवर चढली. तिने ती नारंगी नळी पाहिली.

"आबाजी, हे कोहळं फुगत काऊन नाई?"

"पाणी दे त्याले रोज. कोहळ्याले पाणी लागते."

कोपऱ्यावर वर्ध्याच्या ऑटोचा भोंगा वाजला. तानबाजी उठले, चप्पल घातली, फाटकाची कडी लावली. मयुरी ते वळेपर्यंत पाहत राहिली आणि ऑटो निघून गेल्यावरही थोडा वेळ तिथेच होती.

मग खरी पंचाईत समोर आली. कोहळ्याच्या पोटात भरायला काही नव्हतं. लोकरीच्या दुकानदाराने सांगितलं होतं, की खेळण्यात भरायचा तो मऊ कापूस नागपूरहून मागवावा लागतो. जुनी उशी उसवून पाहिली, तर आत पिवळे गोळे. आणि आचल कानाशी एकच घोषा लावून बसली होती, "आई, फुगव ना. आई, फुगव ना."

मयुरीने बाबांचं पुडकं सोडलं. दोन-तीन बोंडांची सरकी तिने मन लावून काढलीही. पण सरकी अशी चिवट, की बोटांना चिकटून येते आणि कापूस सोडत नाही. आई गप्पा मारता मारता टोपलीभर काढायची. तिसऱ्या बोंडाला मयुरीचा धीर सुटला. तिने तसाच मूठमूठ कापूस आत कोंबला. वाती विकत आणू, तिने स्वतःला सांगितलं, आणि बाबांना सांगायचं नाही हेही ठरवलं.

तोंड दोऱ्याने आवळलं. मोठ्या सुईने पोटातून दोरा ओढून ओढून फाका पाडल्या, वर तपकिरी देठ लावला, काळे डोळे शिवले. एक डोळा जरा वरच गेला. पण कोहळं झालं. खरंच कोहळं झालं.

संध्याकाळी तिचा नवरा हेमराज हॉस्पिटलातून ड्युटी संपवून आला. त्याने ते दाबून पाहिलं. "आत खडे भरले का?"

"सरकी हाय."

"मंग बरोबर हाय. कोहळ्यात बी असतेच."

शाळेत विकतच्या चकचकीत भोपळ्यांच्या रांगेत ते एका अंगावर कलून बसलं होतं म्हणे, आणि सगळ्या मुलांनी त्यालाच दाबून पाहिलं. मग ते घरी आलं आणि आचलने त्याची मागच्या अंगणात, तुळशीच्या ओट्यावर स्थापना केली.

नोव्हेंबरात एका सकाळी तुळशीला पाणी घालताना मयुरीच्या लक्षात आलं, की कोहळं काळपट पडलं आहे. तिने उचललं, तर ओलं आणि जड. खालून पाणी टपकलं. धुऊन वाळत घालावं म्हणून तिने ते उलटं केलं, आणि हात थांबला.

दोन फाकांच्या मधून, तिच्याच निसटलेल्या टाक्याच्या भोकातून, एक फिकट हिरवी मान वाकून बाहेर आली होती. डोक्यावर सरकीचं टरफल अजून टोपीसारखं अडकलेलं. शेजारी आणखी एक.

"आचल! याच्यावर पाणी कोणी टाकलं?"

"म्या," आचल अभिमानाने म्हणाली. "रोज देल्लं. आबाजीनं सांगतलं होतं."

मयुरी पायरीवर बसली. हसावं की काय करावं ते कळेना. देवाचा कापूस, त्याच्या वाती नाहीत, आणि हे असं. झाकावं म्हणून ती उठलीही. पण तोवर आचलने मोबाईल घेऊन आबाजींच्या फोटोवर बोट ठेवलं होतं. "आबाजी, आपल्या कोहळ्याले बाळ झालं!"

दुसऱ्या दिवशी दुपार कलता कलता फाटकाची कडी वाजली.

तानबाजींनी थैलीतली अंबाडीची जुडी आचलच्या हाती दिली आणि चष्मा लावला. कोहळं मांडीवर घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं. मयुरी दारात उभी होती.

"वाती नाई केल्या तं," ते म्हणाले.

"नाई, बाबा."

त्यांनी कोहळं पुन्हा एकदा उलटं केलं. मग त्यांचे खांदे हलायला लागले. ते हसत होते, अगदी खोकला येईपर्यंत, डोळ्यांना पाणी येईपर्यंत. "तुही माय असती तं तुले धुतलं असतं," ते म्हणाले. "अन् मंग गावभर सांगत फिरली असती. थे तुही सुई आण."

क्रोशाच्या सुईच्या आकड्याने त्यांनी एकेक टाका सैल केला. मुळं कापसात गुंतली होती, म्हणून त्यांनी कापसाचा तेवढा गोळाच अलगद काढला. आचलने कुंडी आणली.

"यात नाई जमत. कपाशीचं मूळ सरळ खाली जाते. खोल पाह्यजे."

अंगणात खोल असं काही नव्हतं. बादली होती, ती रोजची. तानबाजींनी इकडेतिकडे पाहिलं. मग मांडीवरची थैली झटकून रिकामी केली. एसटीचं कार्ड, चष्म्याचं घर आणि एक पंचा त्यांनी खिडकीत ठेवला. थैलीच्या बुडाला सुईनेच भोकं पाडली, आणि आजोबा-नात दोघं मिळून तिच्यात माती भरायला बसले.

हेमराज आला तेव्हा दोघांचे हात कोपरापर्यंत मातीत होते. कोपऱ्यावर ऑटोचा भोंगा वाजला.

"मामाजी, गाडी चुकन. मी सोडून देऊ का स्टँडवर?"

मयुरीने त्याच्याकडे असं पाहिलं, की तो चूळ भरायला मोरीकडे गेला. रिकामं कोहळं पदरात घेऊन ती उसवलेले टाके पुन्हा उचलू लागली.

भोंगा आणखी एकदा वाजला आणि ऑटो गेला.

तानबाजींनी थैली तुळशीशेजारी ठेवली. दोन पावलं मागे सरून पाहिली, उचलून जरा उजवीकडे सरकवली, मग परत डावीकडे. घराच्या छपरावर आभाळ तांबडं होत चाललं होतं.

"जावईबापू," त्यांनी विचारलं, "इथं सकाळचं ऊन कोणीकडून येते?"

"शेजारच्या भिंतीच्या पल्याडून. पण कुठवर येते थे काई लक्ष नाई देल्लं, मामाजी."

"बरं," तानबाजी म्हणाले आणि हातांची माती झटकली. "सकाळी पाहू मंग."

मयुरीने मान वर केली नाही. तिचा टाका पुन्हा एकदा निसटला होता.