भाऊजींचा शून्य स्पॅम

डॉक्टरीणबाई जनावरांच्या डॉक्टर होत्या. दवाखाना घराच्याच तळमजल्यावर. पुढे बाकडी, आत तपासायचं स्टीलचं टेबल, आणि कोपऱ्यात एक कंप्युटर, ज्याच्या कीबोर्डात कायम मांजराचे केस अडकलेले. त्याच्यावर रोज मेलचा कचरा येऊन पडे. कुणी लॉटरी लावून देई, कुणी बसल्या जागी पोट उतरवून देई. त्यातून लॅबचे रिपोर्ट आणि गिऱ्हाइकांचे निरोप शोधायचे म्हणजे गव्हातले खडे नव्हे, खड्यांतले गहू वेचायचे.

हे त्या एकदा जेवताना नवऱ्याजवळ बोलल्या. चूक एवढीच झाली की पानावर धाकटे दीरही होते.

"वहिनी, वेब उघडून मेल बघता तुम्ही? अजून?" भाऊजींनी घास तसाच हातात धरला. "उद्या येतो. प्रॉपर प्रोग्रॅम टाकून देतो."

भाऊजी एका कंपनीत प्रिंटरची शाई विकत. शाईपासून कंप्युटरपर्यंतचं अंतर त्यांनी स्वतःच्या मनात केव्हाच तोडलं होतं. घरात कुणाचा मोबाईल अडला की ते पुढे होत आणि दहा मिनिटांनी तो पुरता बंद करून परत देत. "कंपनीचा फॉल्ट आहे," असं वर सांगत. अर्ध्या हळकुंडानं पिवळे होणारे पुष्कळ असतात. भाऊजींना हळकुंडाचा नुसता वासही पुरे.

दुसऱ्या दिवशी ते आले आणि डॉक्टरीणबाईंच्या खुर्चीत बसले. एक कुत्रं टाके घालायला टेबलावर होतं, म्हणून बाईंना नको म्हणायला सवड मिळाली नाही. तेवढ्यात भाऊजींनी प्रोग्रॅम उतरवला आणि सेटिंग भराभर उरकली. प्रोग्रॅमला कुठलंसं फुकटचं ॲड-ऑन हवं म्हणून एका साईटवर फॉर्मही भरला. त्यात दवाखान्याचा मेल दिला, नाव स्वतःचं टाकलं आणि हुद्दा लिहिला 'तांत्रिक संचालक'.

"आता मेल थेट या मशीनवर उतरणार. मोबाईलवर दिसणार नाही."

"का बरं? मी बाहेर व्हिजिटला असते तेव्हा—"

"शिस्त लागते वहिनी माणसाला. आणि हा बघा फिल्टर. वाईट शब्दांची यादी मी स्वतः केलीय. त्यातला एक जरी सापडला, की मेल थेट स्पॅममध्ये."

डॉक्टरीणबाईंनी हातमोजे काढत यादी वाचली. इंजेक्शन, गोळ्या, वजन, नर, मादी, तातडीने.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "मी जनावरांची डॉक्टर आहे. लोक मला दुसरं काय लिहिणार?"

"ज्याला खरंच काम आहे तो सभ्य भाषेत लिहील. अपवाद करत बसलं तर फिल्टर कशाला म्हणायचं?"

त्यांनी वाद घातला नाही. नाकानं कांदे सोलणाऱ्या माणसाशी वाद घालून आपल्याच डोळ्यांत पाणी येतं, हे त्या सासरी आल्यावर लवकर शिकल्या होत्या. नंतर बघू म्हणाल्या, आणि पुढच्या पेशंटला आत घेतलं. नंतर बघायचं राहूनच गेलं. लसीकरणाचे दिवस होते.

इनबॉक्स मात्र चकचकीत झाला. भाऊजी येता-जाता डोकावत आणि म्हणत, "शून्य स्पॅम!" खरं तर शून्य मेल होते, पण हा फरक कळायला जे लागतं त्याची भाऊजींकडे जरा टंचाई होती.

मग एक दिवस घड्याळजी आला. कोपऱ्यावर त्याचं घड्याळं दुरुस्तीचं दुकान होतं. त्याच्या म्हाताऱ्या कुत्रीला डॉक्टरीणबाईंनी पिल्लू असल्यापासून वाढताना पाहिलं होतं. आज तो एकटाच होता आणि बाकड्यावर बसला नाही.

"तिची फाईल द्या. दुसरीकडे ऑपरेशन झालं तिचं."

"ऑपरेशन? कसलं? मला कळवलं नाहीत?"

"तीन मेल टाकले. तुम्हीच म्हणायचात ना, फोन वाजत राहतो, मेल करत जा? उत्तर द्यायचं नव्हतं तर तसं सांगायचं." त्यानं फाईल काखेत मारली. "म्हाताऱ्या जनावरात आता काय राहिलंय, असं वाटलं असेल तुम्हाला."

तो गेल्यावर त्यांनी प्रथमच स्पॅमचा फोल्डर उघडला. घड्याळजीचे मेल तिथेच होते. 'मादी कुत्री, तातडीने बघाल का?' भाऊजींच्या यादीतले दोन शब्द त्यानं एकाच ओळीत वापरले होते. खाली ससेवाली, लॅब, गोशाळेचा व्यवस्थापक, सगळे रांगेत निपचित पडलेले. आणि इनबॉक्सात एकच न वाचलेला मेल होता, गुळगुळीत भाषेतला. 'तांत्रिक संचालक' असलेल्या भाऊजींची 'तंत्ररत्न' सन्मानासाठी निवड झाली होती. नोंदणी शुल्क भरून समारंभाला यावे, ही विनंती.

संध्याकाळी भाऊजींनी तो मेल मोठ्यानं दोनदा वाचला. नवरा हळूच म्हणाला, "अगं, सांग त्याला. हे फसवं दिसतंय."

"मी काय सांगू? तज्ज्ञ ते आहेत." आणि दिराकडे वळून त्या गोड आवाजात म्हणाल्या, "जाऊन याच भाऊजी. असा मान घरात कुणाला मिळालाय?"

तिकडे त्यांचं हसं होईल, शेपूट घालून परत येतील, अशी त्यांची खात्री होती. त्या दिवसाची त्यांनी चवीनं वाट पाहिली.

भाऊजी परत आले ते हातभर उंचीची सोनेरी ट्रॉफी घेऊन. हॉटेलच्या तळघरात हॉल होता, खुर्चीगणिक एक सन्मानमूर्ती होता, सगळ्यांनी एकमेकांसाठी टाळ्या वाजवल्या, जेवणही बरं होतं. भाऊजी इतके खूश होते की त्यांना हिणवायला जागाच सापडेना. ट्रॉफीची जागा मात्र त्यांनी आधीच ठरवली होती, दवाखान्यातली, बाकड्यांसमोरची. डॉक्टरीणबाईंनी ती उचलून जमिनीवर ठेवली.

"बसा," त्या म्हणाल्या. या वेळी खुर्ची नव्हती, स्टूल होतं. "हा स्पॅमचा फोल्डर. हे माझे पेशंट. एकेकाला फोन लावायचा आणि सांगायचं, तुमचा मेल मी अडवला होता."

"वहिनी, मी? आजच तर मला—"

"तुम्हीच. रत्न आहात ना? मग उजेड पाडा जरा."

एवढ्या वर्षांत त्या असं बोलल्या नव्हत्या. भाऊजींनी मुकाट्यानं पहिला नंबर लावला. तोवर डॉक्टरीणबाईंनी यादीतले शब्द एकेक करून पुसले, मेल पुन्हा मोबाईलवर आणला. खऱ्या कचऱ्याला 'स्पॅम' म्हणून खूण करत गेलं की प्रोग्रॅम आपोआप शिकतो, हे त्यातच लिहिलेलं होतं. तंत्ररत्नवाल्यांवर त्यांनी पहिली खूण केली.

घड्याळजीला फोन लागला तेव्हा भाऊजी अडखळत म्हणाले, "ते... मेल अडकले, ते माझ्यामुळे." मग त्यांनी मोबाईल पुढे केला. "तुम्हाला मागतायत."

"टाके काढायचेत," घड्याळजी म्हणाला. आवाजात राग होताच. "तिकडच्या डॉक्टरला ती हातच लावू देत नाही. चावली त्याला."

"आले," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि बॅगेत कात्री टाकली. दारातून त्यांनी मागे पाहिलं. भाऊजी ससेवालीला फोनवर समजावत होते की फिल्टर मुळात उत्तमच होता, पण तुमच्या मेलात नर-मादी जरा जास्तच.