त्याला बघायचं होतं

माझी बायको सुप्रभा ब्याण्णवच्या फेब्रुवारीत गेली. आम्ही कॉव्हेंट्रीत राहायचो, मी अजून तिथेच आहे. दिवसकार्य उरकल्यावर आमची मुलगी शिल्पा मँचेस्टरला परत निघाली. गाडीत बॅग ठेवून ती पुन्हा आत आली आणि किचनच्या दारात उभी राहिली.

"बाबा, एक सांगायचं राहिलं. आईला त्याला परत बघायचं होतं. फ्रान्समध्ये."

"कोणाला?"

"माहीत नाही. She was so sleepy. मला वाटलं तुम्हाला माहीत असेल."

शिल्पा इथे जन्मलेली. तिचं मराठी घरापुरतं, आणि तो, ती, ते यांत ती कायम घोटाळा करते. म्हणून मी नीट विचारलं, तो की ती? ती म्हणाली, तो. आईच 'तो' म्हणाली, यात चूक नाही. मग तिला ट्रॅफिकच्या आधी निघायचं होतं, ती गेली. मी सिंकजवळ बसून राहिलो.

सुप्रभा फ्रान्सला एकदाच गेली होती. ती हॉस्पिटलात नर्सिंग ऑक्झिलरी, म्हणजे नर्सांची मदतनीस होती, आणि तिथल्या सोशल क्लबची एकोणनव्वदच्या सप्टेंबरात बरगंडीला कोच ट्रिप निघाली होती. जुनी चर्चेस, मठ, द्राक्षाचे मळे आणि तळघरं असा कार्यक्रम. मी दारू पीत नाही. ती कुठे तयार होते ते बघायला इतक्या लांब जाण्यात मला अर्थ वाटला नाही. सुप्रभा वीणाबरोबर गेली. वीणा तिच्याच वॉर्डात सिस्टर, सांगलीची, तोंडाने फटकळ. तिसरा मराठी माणूस डॉक्टर पद्माकर सबनीस. हा भूल देणारा डॉक्टर. त्याची बायको मुलांना घेऊन पुण्याला निघून गेली होती, तेव्हापासून एकटाच राहायचा.

शिल्पा गेल्यावर मी त्या ट्रिपचे फोटो काढले. बहुतेक सुप्रभाने स्वतः काढलेले, म्हणून त्यांत ती नव्हती. एकातच होती. मागे काळोख, फ्लॅशचा उजेड तोंडावर, आणि ती हसतेय. दात दिसतील असं. घरात ती तोंडावर पदर नाही तर हात धरून हसायची. मी तो फोटो बराच वेळ बघितला. माझ्या मनात एकच प्रश्न होता, कॅमेरा कोणाच्या हातात होता?

मग मला आणखी आठवायला लागलं. क्रिमेटोरियममध्ये सबनीस रडला होता. मी रडलो नव्हतो, मला लोकांसमोर येत नाही. तिचा भाऊ भारतातून आला होता, तोही सावरून उभा होता. हा कुठल्या नात्याने रडला? त्या वेळी मला बरं वाटलं होतं. आता तेच डाचायला लागलं.

जूनमध्ये वीणाचा फोन आला, की क्लब पुन्हा बरगंडीला चाललाय, भावोजी, तुम्ही चला, घरात बसून काय करणार. मी विचारलं, कोण कोण आहे. तिने चार इंग्रज नावं घेतली आणि डॉक्टर सबनीसांचं. मी म्हटलं, माझं नाव घाल. ती इतकी खूश झाली की मला तिचाही संशय आला.

सप्टेंबरात एका पहाटे आमची कोच निघाली. मी मुद्दाम सबनीसच्या मागची सीट घेतली, म्हणजे तो डोळ्यांसमोर राहील. तो डोव्हरपर्यंत पेपर वाचत होता. फेरीवर त्याने मला चहा आणून दिला. मी म्हटलं, मी घेत नाही. वीणा म्हणाली, भावोजी, घरी तुम्ही चहाच्या किटलीत राहता, आणि इथे एकदम उपास? मी खिडकीतून पाणी बघितलं.

पहिला मुक्काम रीम्सला, शॅम्पेनच्या मुलखात. तिथलं कॅथेड्रल फार मोठं आहे, फ्रान्सच्या राजांचे राज्याभिषेक तिथे व्हायचे. दरवाज्यापाशी दगडी देवदूत आहेत, त्यांतला एक हसतो. आमची गाईड त्याच्याबद्दल सांगत होती तेवढ्यात सबनीस माझ्याकडे वळला. म्हणाला, "सुप्रभा म्हणाली होती, हा नाइट ड्यूटी संपलेल्या सिस्टरसारखा हसतोय."

सगळे हसले. मी नाही. मला हा शेखरराव म्हणतो आणि तिला नुसतं सुप्रभा? आणि तीन वर्षांपूर्वीचं तिचं वाक्य याला तोंडपाठ? मला ती आल्यावर एवढंच म्हणाली होती, की चर्च मोठं होतं.

नंतर मी वीणाला सहज विचारल्यासारखं विचारलं, की डॉक्टर सुप्रभाला नावाने हाक मारायचे का. ती म्हणाली, अहो, छातीवर बॅज असतो, सगळेच नावाने हाक मारतात, कन्सल्टंटसुद्धा. मग तिने माझ्याकडे जरा बघितलं आणि विचारलं, का हो? मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी बोनला पोचलो. तिथे साडेपाचशे वर्षांचं हॉस्पिटल आहे, गरिबांसाठी बांधलेलं, आता बघायला ठेवलंय. छपरावर रंगीत कौलांची नक्षी. आत लांबलचक दालन, दोन्ही बाजूंना लाकडी पलंग, लाल पडदे. या हॉस्पिटलचे स्वतःचे द्राक्षमळे आहेत आणि त्या वाइनच्या विक्रीवर ते शतकानुशतकं चाललं. आमच्या इंग्रज बायकांना त्याची फार गंमत वाटली. एक म्हणाली, आपल्या हॉस्पिटलच्या ट्रस्टला हे कोणीतरी सुचवा.

गाईडने खालच्या फरशा दाखवल्या. बांधणारा तिथल्या ड्यूकचा मंत्री होता. त्याने स्वतःचं आणि बायकोचं पहिलं अक्षर फरशांवर एकत्र कोरून घेतलं होतं, शेजारी एक तारा आणि एक शब्द. त्या शब्दाचा अर्थ, फक्त तूच. ही त्याची तिसरी बायको, असंही गाईड म्हणाली. मला हसू आलं. पण तो मेल्यावर तिनेच हे सगळं चालवलं, हे ऐकल्यावर मी त्या फरशीवरून बाजूला झालो.

सुप्रभाने हे पलंग बघितले असणार. चादरी कशा ओढल्यात तेही बघितलं असणार, ती लोकांच्या घरीसुद्धा बघायची. मी तिचा विचार करत जरा मागे राहिलो. औषधांच्या बरण्यांच्या खोलीकडे वळलो तर आतून वीणाचा आणि सबनीसचा आवाज आला.

सबनीस म्हणाला, "उद्या त्यांना तिथे नेऊ या. पण आधी काही सांगू नका."

वीणा म्हणाली, "मी कशाला सांगते? बघू दे त्यांचं त्यांना."

मी तिथूनच परत फिरलो. अंगणात एक विहीर आहे, तिच्या कठड्याला धरून उभा राहिलो. तर 'तो' सबनीस नव्हता. दुसराच कोणी होता, इथे फ्रान्समध्ये, आणि हे दोघं त्याला ओळखत होते. तीन वर्षं दोघांनी झाकून ठेवलं आणि आता मला दाखवायला आणलं होतं. जेवताना मी दोघांची तोंडं बघत होतो. सबनीस लाल वाइनचा ग्लास उजेडाकडे धरून बघत होता. वीणा म्हणाली, डॉक्टर, आता याला भूल द्या, नाही तर प्या एकदाचा. कोणाच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. त्याने मला जास्तच राग आला.

सकाळी व्हूजोला गेलो. चारी बाजूंना द्राक्षमळा, त्याला जुना दगडी गडगा, मध्ये वाडा. मळा आठशे वर्षांपूर्वी मठातल्या साधूंनी लावलेला. द्राक्षं काढायचे दिवस होते, ओळींमध्ये माणसं वाकलेली दिसत होती. मी प्रत्येकाकडे बघितलं. टोपीवाला एक म्हातारा गेटपाशी ट्रॅक्टरवर बसला होता, त्याने हात केला तर सबनीसनेही केला. मला वाटलं, हाच.

चौकात गाईड इतिहास सांगायला लागली. सबनीस माझ्या कोपराला धरून म्हणाला, "शेखरराव, आपण जरा पुढे जाऊ. त्या बाजूला."

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "मी येणार नाही. आधी सांगा, माझी बायको इथे कोणाला बघायला पुन्हा येणार होती?"

त्याला कळलं नाही. मी पुन्हा विचारलं. आवाज चढला असावा, कारण आमच्यातले दोन इंग्रज वळून बघायला लागले आणि वीणा धावत आली. मी म्हटलं, तिने शेवटी मुलीला सांगितलंय, त्याला बघायचं होतं. आणि काल तुम्ही दोघं काय बोलत होता ते मी ऐकलंय.

सबनीस माझ्याकडे बघत राहिला. त्याचा चेहरा हळूहळू बदलला. मी कशासाठी आलो होतो, त्याच्या मागची सीट का घेतली होती, सगळं त्याला तिथे उभ्या उभ्या समजलं असणार.

तो म्हणाला, "कोणाला नाही हो. कशाला, ते विचारा."

मग तो पुढे चालायला लागला. वीणाने माझा दंड धरला आणि मला त्याच्या मागून नेलं.

आतला हॉल अंधारा, वर कौलांपर्यंत उंच. चार कोपऱ्यांत द्राक्षं दाबायची चार यंत्रं होती. माणसाच्या मिठीत मावणार नाहीत असे ओकचे वासे, लाकडाचाच भला मोठा पिळाचा स्क्रू. शेकडो वर्षांची. वास जुन्या लाकडाचा आणि आंबूस.

वीणा म्हणाली, "हा बघा तिचा तो. घाणा. बाबांचा घाणा म्हणून इथून हलेचना. गाईडने दोनदा बोलावलं तरी नाही."

सुप्रभाच्या वडिलांचा बार्शीला तेलाचा घाणा होता. करडईचा, शेंगदाण्याचा, लाकडी, बैलाचा. मी लग्नात बघितला होता. मी कारखान्याच्या टूलरूममध्ये आयुष्य काढलेला माणूस, मला दिसत होतं की हे यंत्र आणि घाणा यांचा काही संबंध नाही. घाण्यात बैल फिरतो आणि उखळात मुसळ फिरतं. इथे स्क्रू पिळून वरचा वासा खाली ओढतात. पण तिने त्यात घाणाच बघितला होता. घाणा मराठीत तोच असतो. आणि शिल्पा लहानपणापासून डिशला धुते, कारला विकते आणि टीव्हीला बंद करते. आई म्हणाली असणार, तो पुन्हा बघायचा राहिला. मुलीने त्याला 'ला' लावला आणि मी त्याचा माणूस केला.

मी वाशाला हात लावला. तिथे हात लावू नका अशी पाटी होती.

वीणा म्हणाली, डॉक्टरांना वाटलं होतं तुम्ही दारातून आत येताच ओळखाल, म्हणून आधी सांगायचं नाही असं ठरलं. सबनीस दाराशी उभा होता, बाहेर बघत. मी त्याच्याकडे गेलो आणि म्हटलं, डॉक्टर, माझं चुकलं. तो म्हणाला, ठीक आहे. पण तो त्या दिवशी माझ्याशी पुन्हा बोलला नाही. बोलावं असं मीही काही केलं नव्हतं.

परतीच्या दिवशी कॅलेच्या बरंच अलीकडे तो आपणहून माझ्या शेजारी येऊन बसला. बहुतेक वीणाने पाठवला असावा. मी विचारलं, ती त्या हॉलमध्ये काय काय बोलली? त्याने सांगितलं. ती अख्ख्या ग्रुपला घाणा समजावून सांगत होती, इंग्लिशमध्ये. बैलाच्या डोळ्यांना झापडं का बांधतात, पहिली धार देवाच्या दिव्याला कशी जाते, पेंड खायला पोरं कशी जमतात. गाईड आपलं काम सोडून ऐकत राहिली. बैल कसा मान हलवत फिरतो हे तिने स्वतः फिरून दाखवलं आणि सगळे हसले, तीही हसली, तेव्हा त्याने तो फोटो काढला.

"सुप्रभाने? फिरून दाखवलं?"

"हो. सगळ्यांसमोर."

घरी ती वडिलांबद्दल फार बोलायची नाही. मी कधी थांबवलं नव्हतं, पण नाही बोलायची. आणि इथे चाळीस माणसांच्या बसला सगळं माहीत. सबनीसचा संशय गेला होता, तरी मला आतून बरं वाटत नव्हतं. त्या चाळीसही जणांचा मला राग येत होता. हे वेडेपणाचं आहे हे मला कळत होतं.

तो म्हणाला, "त्या क्रिमेटोरियममध्ये मला तेच आठवत होतं. तिचं ते मान हलवणं."

मी मान डोलावली. बाहेर सपाट शेतं जात होती.

जरा वेळाने तो म्हणाला, "एकच राहिलं. त्या बैलाचं नाव काय, असं गाईडने विचारलं होतं. सुप्रभा हसली आणि तेवढं नाही सांगितलं. म्हणाली, ते घरातलं आहे. तुम्हाला माहीत असेल."

मला माहीत होतं. आमचं लग्न होऊन थोडे दिवस झाले होते, तेव्हा तिने एका दुपारी सांगितलं होतं. बैलाचं नाव वकील. कारण तो उगाच हंबरायचा आणि शेवटी चारा मिळवायचाच. हे सांगताना तिने तोंडावर हात धरला होता.

सबनीस वाट बघत होता.

मी म्हटलं, "नाही हो डॉक्टर. मलाही नाही बोलली कधी."